श्रद्धा आणि वैज्ञानिक पुरावा (पेण–रोहे)
धार्मिक श्रद्धेला प्रयोगाची अट नसते. वैज्ञानिक मत पुराव्याबरोबर बदलावे लागते. रायगड जिल्ह्यातील पेणच्या गणेशमूर्तींत दोन्ही एकत्र भेटतात. प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्व येते, हे मोजता येत नाही. शाडू पाण्यात लवकर विरतो आणि प्लास्टर ऑफ पॅरिस दीर्घकाळ टिकते, हे मात्र कोणालाही घरच्या बादलीत पडताळता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवण्यास मुभा दिली, पण सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच बंधनकारक केले. या वादात श्रद्धेला धक्का लागतो असे मानणे चूक आहे. प्रश्न पाण्याचा व कारागिरांच्या पोटाचा आहे. श्रद्धा पोटाच्या प्रश्नाशीही जोडता येते: याच जिल्ह्यातील रोह्यात १९२० मध्ये जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी आपल्या ‘स्वाध्याय’ चळवळीतून श्रद्धेला सामूहिक शेती-मासेमारीची जोड दिली. त्यांना १९९७ मध्ये टेम्पलटन पुरस्कार मिळाला.