शाळेतून डबा अर्धा परत का येतो? मुलं खरोखर संपवतील असा डबा भरायचा कसा?

सकाळी सहाला उठून केलेली पोळी-भाजी दुपारी दप्तरातून जशीच्या तशी बाहेर येते. का खाल्लं नाहीस असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "भूकच नव्हती." आणि पुढच्या पाच मिनिटांत बिस्किटांचा पुडा फस्त. म्हणजे भूक होती. मग डबा का राहिला?

बहुतेक घरांत यावर "भाज्या नकोच असतात त्याला" असा निकाल लागतो. पण एकदा त्या डब्याचा प्रवास बघा. साडेसहाला झाकण लागतं आणि मधल्या सुट्टीत ते उघडतं, तोवर तीन-चार तास झालेले असतात. सुट्टी जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांची. त्यातच हात धुणं, नळावरची रांग आणि अर्थातच खेळ. मुलांच्या हिशेबात खेळ आधी असतो. त्यामुळे दहा मिनिटांत, न सांडता, हात फारसे न माखता खाता येतं तेवढंच पोटात जातं. इन्स्टाग्रामवर चांदणीच्या आकाराची काकडी कापलेले डबे दिसतात ना? ते रील झाकण लावण्याआधीच संपतं. तीन तासांनी त्या काकडीला सुटलेलं पाणी कोणी दाखवत नाही.

थंड झाल्यावर कसं लागतं?

डब्यासाठी पदार्थ निवडताना खरा प्रश्न हाच. गरम पोळी लगेच डब्यात ठेवली की वाफेचं पाणी होतं आणि पोळी ओली, चिवट होते. ती दोन-चार मिनिटं जाळीवर निवू द्या, मग सुती कापडात गुंडाळून ठेवा. साबुदाण्याची खिचडी गार झाली की घट्ट होते, पोहे कोरडे पडतात, डोसा वातड होतो. इडली मात्र मऊ राहते. थालीपीठ, धिरडं, पराठाही बरा टिकतो.

आपल्याकडे यावर जुना उपाय आहे, दशमी. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवली की पोळी बराच वेळ मऊ राहते, म्हणून तर ती प्रवासात न्यायची पद्धत होती. हीच दशमी, आत शेंगदाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी आणि थोडं तूप, गुंडाळी करून दिली तर मूल ती पळता पळताही खातं. भाजी वेगळी द्यायची तर रस्सा नको. परतलेली, सुकी द्या. (वर्गात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर शाळेत आधी विचारा.)

किती आणि काय?

मोजमाप हवं असेल तर सरकारी शालेय पोषण आहाराचा निकष हाताशी आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. हा निकष पूर्ण जेवणाचा आहे. छोट्या सुट्टीच्या खाऊला तो लावू नका.

आपले डबे कमी पडतात ते बहुधा प्रथिनांत. दोन मध्यम पोळ्यांतून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात जे काही मिळतं ते दाण्याच्या कुटातून. पोळीसोबत बटाट्याची भाजी दिली तर पोट भरतं, पण आकडा तिथेच राहतो. त्याऐवजी मटकीची सुकी उसळ, उकडलेलं अंडं (एकात साधारण सहा ग्रॅम), पनीर किंवा मूठभर दाणे दिले की गणित जुळतं. पोह्यांवर लिंबू पिळायला विसरू नका. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे अन्नातलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं.

फोडणीच्या भाताबद्दल सावध

रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवून सकाळी फोडणी देणं, हे जवळपास प्रत्येक घरात होतं. यात धोका आहे. भातात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही तग धरतात. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते वाढतात, आणि उलट्या घडवणारं त्यांचं विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. भात उरला तर रात्रीच, निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी चांगला वाफवा. उन्हाळ्यात आणि कोकणासारख्या दमट हवेत ओल्या नारळाची चटणीही डब्यात नकोच.

नावडती भाजी

लपवून द्यायची की नाही, यावर आईवर्गात दोन तट आहेत. पालक पराठ्यात घालायला काहीच हरकत नाही, पण तेवढ्यानं मुलाला पालक आवडू लागत नाही. नवी चव स्वीकारायला मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर यावी लागते, असं संशोधन सांगतं. हा सराव घरच्या जेवणात करा, एकेक घास. डबा ही प्रयोगाची जागा नाही, कारण तिथे प्रयोग फसला तर मूल उपाशी राहतं.

उपाशी मूल मग शाळेबाहेरच्या गाडीकडे वळतं. जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तुमच्या शाळेच्या फाटकाबाहेर काय विकलं जातं, ते एकदा स्वतः पाहून या.

आणखी एक कारण मुलं सहसा सांगत नाहीत. कुणीतरी डब्याला नाक मुरडलेलं असतं. भाकरी, अंडं, सुकट, मेथी यांवरून चिडवलं की मूल झाकण उघडतच नाही. त्यामुळे "का नाही खाल्लंस?" यापेक्षा "आज कुणाशेजारी बसून खाल्लंस? त्यानं काय आणलं होतं?" असं विचारून बघा. वाटून खाणारा वर्ग असेल तर दोन धिरडी जास्तीची टाका, तो डबा रिकामा येण्याची शक्यता बरीच वाढते.