पत्र्याच्या पेटीतला माड

मार्च १८५१. तुम्ही व्हेनेझुएलाच्या जंगलातल्या हाविता या खेड्यात आहात. पावसाची झड लागलीय. शेजारी उभा आहे २८ वर्षांचा इंग्रज निसर्गवेत्ता आल्फ्रेड रसेल वॉलेस. ताडमाडांची चित्रं काढत तो रिओ निग्रो नदीच्या परिसरात फिरतोय.

समोरच्या माडाचं खोड दिसतच नाही. पानांच्या बुडातून सुटलेले तपकिरी तंतू पार जमिनीपर्यंत लोंबतायत. हा पियासाबा. हात लावून बघा, पण जपून. आत साप-विंचू दडलेले असतात. काथ्यासारखाच, पण एकेक तंतू जाड, लांब, ताठ. वाकवून सोडला की उसळून सरळ होतो. गावकरी तो विंचरून, सुरीने कापून जुड्या बांधतात. त्याचे दोर पाण्यावर तरंगतात, भिजून लवकर कुजत नाहीत. म्हणून अ‍ॅमेझॉनवरच्या जहाजांना तेच हवेत. बाकीचा माल इंग्लंडला जातो, रस्ते झाडायच्या ब्रशांसाठी.

आता ६ ऑगस्ट १८५२. वॉलेस इंग्लंडला परततोय आणि तुम्ही त्याच्यासोबत भर अटलांटिकमध्ये ‘हेलन’ जहाजावर आहात. तळाशी रबर, कोको, कोपायबाचं तेल आणि पियासाबा भरलेला. सकाळी नऊच्या सुमाराला तिथूनच धूर येऊ लागतो. वॉलेस केबिनमध्ये धावतो आणि एका छोट्या पत्र्याच्या पेटीत मासे आणि ताडमाडांची रेखाटनं कोंबतो. दोरावरून होडीत उतरताना हात घसरतो, बोटांची सालटी निघतात. तुमच्या डोळ्यांदेखत त्याने जमवलेल्या नमुन्यांचा बहुतेक संग्रह जळतो.

दहा दिवसांनी दुसरं जहाज तुम्हाला उचलून घेतं. पुढच्या वर्षी त्या रेखाटनांवरून अ‍ॅमेझॉनच्या ताडमाडांवरचं पुस्तक निघतं, वॉलेसच्या पदरच्या पैशाने, अवघ्या २५० प्रती. त्यातच या झाडाला शास्त्रीय नाव मिळतं: लिओपोल्डिनिया पियासाबा.

आता आजच्या रिओ निग्रोवर या. पियासाबा अजूनही जंगलात जाऊन हातानेच कापतात. व्यापारी धान्य आणि हत्यारं उधारीवर देतो, चढा भाव लावतो आणि कापलेल्या मालातून ती वसूल करतो. कित्येकांचं कर्ज हंगाम संपला तरी फिटत नाही. झाडाला शास्त्रीय नाव मिळून पावणेदोनशे वर्षं होत आली. त्याचे तंतू कापणाऱ्याला आता तरी रास्त दाम मिळायलाच हवा.