मकायचा ऊस, प्रवरेचा ऊस

क्वीन्सलंडच्या किनाऱ्याने केर्न्सपर्यंत गाडीने गेलेल्या मंडळींना दोन्ही बाजूंचा मैलोन्‌मैल ऊस आणि त्यातून धावणारी इवलीशी आगगाडी नक्की आठवत असेल. कोल्हापूर-नगरकडच्या माणसाला तिथे गाव आठवतं. पण साम्य नुसतं उसाचं नाही. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःचा साखर कारखाना काढायचा, ही अगदी 'आपली' वाटणारी कल्पना इथे आपल्याही आधी रुजली होती!

उसाची एक मोठी अडचण असते. ज्वारी पोत्यात भरून ठेवता येते, ऊस नाही. तोडल्यावर तो लवकर गाळला नाही तर त्यातली साखर कमी होत जाते. म्हणून कारखाना ज्याचा, शेतकरी त्याच्या मुठीत. एकोणिसाव्या शतकात इथे जमीन आणि कारखाना दोन्ही मोठ्या मळेवाल्यांकडे असत. १८६३ पासून पॅसिफिक बेटांवरून सुमारे ६२,००० माणसं मजुरीला आणली गेली, त्यातली कित्येक फसवून किंवा पळवून. छोट्या शेतकऱ्याला या धंद्यात फारशी जागाच नव्हती.

१८८५ साली प्रीमियर सॅम्युअल ग्रिफिथ यांच्या सरकारने मकाय भागात शेतकऱ्यांच्या दोन कारखान्यांसाठी ५०,००० पौंड दिले. नॉर्थ ईटन आणि रेसकोर्स हे ते कारखाने. १८९३ च्या कायद्याने पुढची वाट मोकळी केली. शेतकऱ्यांनी जमिनी गहाण टाकायच्या, कर्जाला सरकारने हमी द्यायची. मुलग्रेव्ह, मॉसमन, प्रॉसरपाइन हे कारखाने त्याच दशकात उभे राहिले. काहींचे हप्ते थकले, सरकारला ताबाही घ्यावा लागला. पण ऊस गाळला जाण्याची खात्री झाल्यावर छोटा शेतकरी बिनधास्त लागवड करू लागला. मोठे मळे तुकडे पाडून विकले गेले आणि ऊस हे कुटुंबाच्या शेतातलं पीक झालं.

साठेक वर्षांनी हेच आपल्याकडे घडलं. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साथीने शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. १९५०-५१ मध्ये प्रवरेचा पहिला गाळप हंगाम झाला. पुढे महाराष्ट्रभर कारखान्यांच्या धुराड्यांभोवती ऊस वाढत गेला.

फरक आहे तो हिशोबात. क्वीन्सलंडमध्ये प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाचा नमुना तपासून साखरेच्या प्रमाणावर पैसे देण्याची पद्धत रुळली. आपल्याकडे दर ठरतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. म्हणजे ऊस गोड असो की फिका, टनाला भाव तोच. मग शेतकरी गोडीपेक्षा वजनाकडे बघणार, यात त्याचा काय दोष? सहकाराचे नियम थेट पिकात उतरतात ते असे.

आणि सभासद कोण? दोन्हीकडे ज्याच्याकडे ऊस तोच. मकायच्या कारखान्यांमागे ऊस गोऱ्यांच्याच श्रमावर पिकावा हाही हेतू होता. १९०१ च्या कायद्यानंतर बेटांवरच्या बहुतेक मजुरांना परत धाडलं गेलं. १९१३ च्या कायद्याने गोऱ्या नसलेल्यांना उसाच्या कामासाठी श्रुतलेखनाची परीक्षा लावली, तीही बाहेर ठेवण्यासाठीच! तुमचे-आमचे पणजोबा तेव्हा इथे आले असते तर सभासदत्व दूरच, कोयतासुद्धा हाती मिळाला नसता. महाराष्ट्रात रंगाचा प्रश्न नव्हता, पण बीडकडून बिऱ्हाड घेऊन येणारा ऊसतोड कामगार आजही कारखान्याचा मालक नाही. इथे १९७० च्या दशकाअखेर तोडणी यंत्रावर गेली. माणसाचा प्रश्न यंत्राने बाजूला सारला.

आता इथलंही चित्र पालटलं आहे. मकायच्या शेतकऱ्यांचे कारखाने १९८८ मध्ये एकत्र आले, पण २०१९ मध्ये त्या कंपनीचा मोठा हिस्सा नॉर्डझुकर या जर्मन कंपनीने घेतला. स्थानिक ऊसवाल्यांच्या कंपनीने हाती घेतलेला मॉसमनचा कारखाना २०२४ साली कायमचा बंद झाला. उभा ऊस न्यायचा कुठे, हा सव्वाशे वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा दारात आला. महाराष्ट्रातही कित्येक सहकारी कारखाने कर्जात बुडून खासगी हातांत गेले आहेत.

सहकाराने छोट्या शेतकऱ्याला पीक दिलं, यात शंका नाही. ते टिकवायला मात्र चोख हिशोब लागतो आणि घाम गाळणाऱ्या प्रत्येकाला त्यात वाटा लागतो. यंदा करंजीच्या सारणात साखर घालताना एवढं जरूर आठवू या.