गाडीच्या तळाखालची वीतभर जागा: नऊ माणसांच्या डिझेल व्हॅनला चारही चाकांची ताकद कशी मिळाली?

#थ्रेड #इतिहास #तंत्रज्ञान

१/
आल्प्सच्या बर्फाळ घाटात नऊ माणसे आणि त्यांचे सामान घेऊन चढणारी डिझेल व्हॅन आज कोणाला नवलाची वाटत नाही. परंतु प्रशस्त बैठक, जोरकस डिझेल इंजिन आणि चारही चाकांना मिळणारी ताकद या तीन गोष्टी एका गाडीत सुखाने नांदायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर या जर्मन गाडीच्या इतिहासात तो प्रवास टप्प्याटप्प्याने पाहता येतो.

२/
अडचण अशी होती की या तिन्ही गोष्टींना हवी असलेली जागा एकच होती: गाडीचा तळ आणि त्याखालची वीतभर पोकळी.
प्रवाशांना तळ सपाट आणि बुटका हवा. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा जड आणि दणकट. फोर-व्हील-ड्राइव्हसाठी तर पुढच्या व मागच्या ॲक्सलना जोडणारा लांब शाफ्ट तळाखालून न्यावा लागतो. एकाला जागा दिली की दुसऱ्याची अडते. या गाडीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या वाटणीचा इतिहास आहे.

३/
प्रारंभ युद्धोत्तर जर्मनीत झाला. वोल्फ्सबुर्गचा फोक्सवॅगन कारखाना तेव्हा ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली होता. आवारातल्या आवारात सुटे भाग वाहण्यासाठी कामगारांनी बीटलच्या सांगाड्यावर एक सपाट गाडा बनवला होता. डच व्यापारी बेन पॉन यांनी तो पाहिला. २३ एप्रिल १९४७ रोजी त्यांनी आपल्या वहीत एका खोक्यासारख्या गाडीचे साधे रेखाटन केले: चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, मध्ये माल.

४/
८ मार्च १९५० रोजी या गाडीचे नियमित उत्पादन सुरू झाले. मागच्या बाजूला बीटलचेच हवेने थंड होणारे इंजिन होते, अवघ्या २५ अश्वशक्तीचे. एवढ्या इंजिनाने भरलेले खोके ओढावे यासाठी मागच्या चाकांपाशी वेग घटवून जोर वाढवणारे जादा गिअर बसवले गेले. ही युक्ती फोक्सवॅगनच्याच युद्धकालीन लष्करी गाडीतून, क्यूबेलवॅगनमधून आलेली होती.

५/
युद्धकाळात याच कारखान्याने चारही चाकांना ताकद देण्याचे तंत्रही हाताळले होते. श्विमवॅगन या पाण्यावर तरंगणाऱ्या लष्करी गाडीत पहिल्या गिअरमध्ये पुढची चाकेही जोडता येत. युद्धानंतर क्यूबेलवॅगनचे गिअर नव्या व्हॅनमध्ये आले, मात्र श्विमवॅगनचा पुढचा ॲक्सल मागेच राहिला. उद्ध्वस्त देशाला स्वस्त मालवाहू गाडी हवी होती आणि बहुतेक मालाला दोन चाकांची ताकद पुरेशी होती.

६/
याच सुमारास या कथेत एक असे नाव येते, ज्याने मराठीला रोजच्या वापरातला शब्द दिला: टेम्पो. हॅम्बुर्गजवळच्या हारबुर्ग येथील 'विडाल आणि पुत्र' ही कंपनी 'टेम्पो' नावाने मालवाहू गाड्या बनवी. १९४९ मध्ये तिने 'मॅटाडोर' बाजारात आणली. तिचे इंजिन फोक्सवॅगनकडून येई, पण ते पुढे बसवून पुढचीच चाके फिरवली जात. त्यामुळे मागचा तळ बुटका आणि मोकळा राही.

७/
पुढे फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन बाजारात आली. १९५२ मध्ये टेम्पोला इंजिने मिळणे थांबले आणि मॅटाडोरला दुसरी इंजिने शोधावी लागली.
याच विडाल कंपनीशी सहकार्य करून १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारातून बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. तिची तीनचाकी 'हॅन्सीट' रस्त्यांवर धावू लागली. आज मराठीत कोणत्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतात, त्याचे मूळ हारबुर्गच्या या कारखान्यात आहे. पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटाडोरही बाहेर पडू लागली.

८/
आता 'नऊ' या आकड्याविषयी. युरोपात सामान्य मोटारीच्या परवान्यावर चालकाखेरीज आठ प्रवाशांपर्यंतची गाडी चालवता येते. दहावे आसन आले की बसचा परवाना आणि बसचे नियम लागू होतात. म्हणून शाळेचा संघ, डोंगरातील बचाव पथक, बांधकामावरचे कामगार किंवा मोठे कुटुंब यांच्यासाठी नऊ आसनांची व्हॅन ही सोयीची कमाल मर्यादा ठरली. अशा गटांपैकी कित्येकांचे काम पक्का रस्ता संपतो तिथे सुरू होते.

९/
ट्रान्सपोर्टरला चारही चाकांची ताकद देण्याचा गंभीर प्रयत्न १९७० च्या दशकात झाला. फोक्सवॅगनच्या व्यापारी वाहनांच्या विकास विभागाचे प्रमुख गुस्ताव मायर यांना सहारा वाळवंटात प्रवास करण्याचा छंद होता. वाळूत रुतलेली व्हॅन म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. अभियंता हेनिंग डुकश्टाइन यांच्यासह त्यांनी दुसऱ्या पिढीच्या ट्रान्सपोर्टरला पुढचा ॲक्सल जोडून काही नमुने तयार केले आणि सहारात त्यांची चाचणी घेतली. ती गाडी विक्रीला कधीच आली नाही, परंतु हे शक्य आहे याचा पुरावा तयार झाला.

१०/
डिझेल मात्र स्वतंत्र वाटेने आले. तेलसंकटानंतर इंधनाचा खर्च कळीचा झाला. तिसऱ्या पिढीच्या ट्रान्सपोर्टरमध्ये १९८१ साली प्रथमच डिझेल इंजिन बसले, १.६ लिटरचे आणि ५० अश्वशक्तीचे. मूळचे गोल्फ मोटारीचे हे उभे इंजिन तळाखाली मावत नव्हते. म्हणून ते एका अंगावर कलंडवून बसवले गेले. तळ सपाट राहिला, इंधन वाचले, पण भरलेली गाडी चढावर धापा टाकू लागली.

११/
१९८५ मध्ये 'सिंक्रो' आली. तिचे काम ऑस्ट्रियातील ग्राझ येथील श्टायर-डाइमलर-पुख कंपनीकडे होते. डोंगराळ प्रदेशातील गाड्यांचा या कंपनीचा अनुभव दांडगा होता. पिंट्सगाउअर ही लष्करी गाडी तिचीच आणि मर्सिडीजची जी-क्लासही १९७९ पासून तिथेच बांधली जात होती. ट्रान्सपोर्टरचे सांगाडे हॅनोव्हरहून ग्राझला जात आणि तिथे सिंक्रो पूर्ण होई.

१२/
जागेची वाटणी तिथे नव्याने झाली. पुढच्या ॲक्सलला जागा हवी म्हणून पुढच्या आसनांखालची इंधनाची टाकी मागे गिअरबॉक्सच्या वर गेली. मागचा गिअरबॉक्स आणि पुढचा ॲक्सल यांना जोडणारा शाफ्ट तळाखालून धावू लागला. संपूर्ण गाडी काही सेंटीमीटर वर उचलली गेली. आतल्या बैठकीला मात्र फारसा धक्का लागला नाही. खरे कौशल्य इथे होते.

१३/
सिंक्रोचे हृदय म्हणजे 'व्हिस्कस कपलिंग'. एका बंद डब्यात पोलादाच्या छिद्रे असलेल्या पातळ चकत्या असतात. एकाआड एक चकती शाफ्टला आणि पुढच्या ॲक्सलला जोडलेली. डब्यात दाट सिलिकॉन द्रव. मागची चाके चिखलात घसरून वेगाने फिरू लागली की दोन्ही बाजूंच्या वेगात तफावत पडते, द्रव घुसळला जातो, तापतो आणि चकत्यांना एकमेकींसह ओढू लागतो. ताकद आपोआप पुढच्या चाकांकडे जाते.

१४/
या रचनेचे सामाजिक महत्त्व मोठे आहे. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत चालकाने योग्य क्षणी दांडा ओढून पुढची चाके जोडायची असत. त्यासाठी सराव आणि अंदाज लागे. सिंक्रोच्या चालकाला यातले काही करावे लागत नव्हते. शाळेची मुले नेणारा शिक्षक किंवा रुग्ण नेणारी परिचारिका यांनाही ती चालवता येई. अवघड जमिनीसाठी पर्यायी डिफरन्शिअल लॉक तेवढे हाताने लावायचे.

१५/
याची किंमतही होती. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले नसतील, तर कपलिंगला सरळ रस्त्यावरही विश्रांती मिळत नाही आणि ते लवकर निकामी होते. शिवाय सिंक्रोच्या टर्बो डिझेल इंजिनाची ताकद ७० अश्वशक्तीच होती. म्हणून नेहमीच्या चार गिअरखेरीज मुंगीच्या गतीने चढण्यासाठी एक खास गिअर दिला गेला. चिखलातून ही गाडी बाहेर पडे, पण महामार्गावर मालवाहू ट्रकच्या मागे राही.

१६/
याच प्रश्नाला पुण्याने निराळे उत्तर दिले. सिंक्रोनंतर दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवर आधारलेली 'टेम्पो ट्रॅव्हलर' आणली. पुढे २.४ लिटरचे मर्सिडीज घराण्यातील डिझेल इंजिन आणि ताकद केवळ मागच्या दोन चाकांना. देवदर्शन, लग्नाचे वऱ्हाड, शाळेची सहल अशा सर्व कामांना ती जुंपली गेली.

१७/
दोन्ही उत्तरांमागचा हिशेब वेगळा आहे. फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणजे जादा वजन, जादा इंधन आणि दुरुस्तीला जादा सुटे भाग. सह्याद्रीच्या घाटात मुख्य आव्हान चढ, वळणे आणि पाऊस यांचे असते. महिनोन्महिने साचणाऱ्या बर्फाचे नसते. डांबरी रस्ता पोहोचला की दोन चाके भागवतात, आणि उरलेली किंमत जास्त आसनांत घालता येते. अर्थात जिथे डांबर पोहोचत नाही, त्या वाडीचा प्रश्न या हिशेबात सुटत नाही. तिथे जीप किंवा पायवाट हेच साधन उरते.

१८/
युरोपात पुढचा बदल १९९० मध्ये झाला. चौथ्या पिढीत फोक्सवॅगनने चाळीस वर्षांची परंपरा मोडली. इंजिन पुढे आले आणि पुढची चाके फिरवू लागले. टेम्पो मॅटाडोरने १९४९ मध्ये पत्करलेली हीच मांडणी होती! मागचा तळ मोकळा झाला. आता इंजिन कलंडवण्याची गरज नव्हती. त्यामुळे पाच सिलिंडरचे मोठे डिझेल इंजिन मावले आणि १९९५ मध्ये १०२ अश्वशक्तीचे टीडीआय आले. सिंक्रो कायम राहिली. फक्त आता घसरण झाली की मदतीला मागची चाके येत.

१९/
२००३ च्या पाचव्या पिढीत व्हिस्कस कपलिंगची जागा 'हॅल्डेक्स' क्लचने घेतली आणि सिंक्रोचे नाव 'फोरमोशन' झाले. इथे द्रव तापण्याची वाट पाहावी लागत नाही. चाकांच्या वेगाची नोंद संगणक घेतो आणि तेलाच्या दाबाने क्लचच्या चकत्या आवळतो. २००९ मध्ये दोन टर्बो असलेल्या दोन लिटरच्या डिझेल इंजिनाने १८० अश्वशक्ती गाठली. १९८१ च्या ५० अश्वशक्तीच्या ती साडेतीनपटीहून जास्त होती. नऊ आसने, डिझेल, चारही चाके आणि महामार्गावरचा वेग हे सारे अखेर एका गाडीत आले.

२०/
२०१५ च्या वसंतात सहावी पिढी २०४ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन घेऊन आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींमधील चाचणीला फसवणारे सॉफ्टवेअर उघड केले. डिझेलच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड हा तोवर तज्ज्ञांचा विषय होता, तो आता वृत्तपत्रांच्या मथळ्यात गेला. सर्वांत ताकदवान डिझेल व्हॅन आणि डिझेलवरील विश्वासाला बसलेला तडा हे एकाच वर्षी घडले.

२१/
पुढे विजेवरची 'आयडी बझ' आली. तिच्या चारही चाकांच्या आवृत्तीत पुढे एक आणि मागे एक मोटर आहे. लांब शाफ्टची गरजच संपली. परंतु तळाखालची मोकळी झालेली जागा जड बॅटरीने व्यापली. गरजू गटांचे ठिकाणही तेच आहे: शेवटच्या चार्जिंग केंद्राच्या पलीकडचे गाव, हिमवादळातली निवारा झोपडी. म्हणून अशा कामांसाठी फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल व्हॅनची मागणी अद्याप पूर्णपणे मावळलेली नाही.

२२/
या गाडीचा इतिहास बहुधा अश्वशक्तीच्या चढत्या आकड्यांत सांगितला जातो. त्या आकड्यांपेक्षा ७० अश्वशक्तीची, संथ सिंक्रो अधिक काही सांगून जाते. तिच्या अभियंत्यांनी प्रवाशांची बैठक न हिरावता आणि चालकाकडून विशेष कौशल्य न मागता नऊ जणांना रस्ता संपल्यानंतरही पुढे नेले. पुण्याच्या ट्रॅव्हलरने कमी खर्चात जास्त माणसे नेली, पण रस्ता असेल तिथवरच. सार्वजनिक वाहतुकीचा विचार करताना हे दोन्ही हिशेब समोर ठेवावे लागतात. रस्ता वाडीपर्यंत न्यायचा की वाडीपर्यंत जाऊ शकणारी गाडी घ्यायची, हा निर्णय घेईपर्यंत तिथले लोक पायीच चालत असतात.

(समाप्त)