तबकडी आणि तिचा हवालदार

सुरतेच्या १६६४ सालच्या स्वारींत मिळालेल्या द्रव्याचा कांहीं भाग मावळांतील लोहगडावर ठेविला होता, अशी परंपरागत माहिती आहे. शिवकालीन गडाचा कारभार एकाच माणसाच्या हातीं नसे. किल्ल्या हवालदाराच्या कमरेला, हजेरी व हिशेब सबनिसाच्या वहींत, आणि धान्य-दारूगोळ्याचें कोठार कारखानिसाकडे, अशी वांटणी असे. तिघांपैकीं एकाचें काम अडलें तरी माल हातीं येत नसे. बाहेर उभ्या असलेल्या माणसास मात्र एवढेंच दिसे कीं, दार उघडत नाहीं. माल लुटला गेला, कीं नुसती किल्ली हरवली, हें त्याला बाहेरून कळण्यास मार्ग नव्हता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस याच मुलुखांतल्या कचेऱ्यांत आणि दुकानांत जे वैयक्तिक संगणक येऊं लागले, त्यांच्या पोटांतहि असाच एक गड होता. फिरत्या तबकड्यांची पेटी, जिला हार्ड डिस्क म्हणतात, ती कोठार होती. आणि तिच्या किल्ल्या कंट्रोलर नांवाच्या एका निराळ्या कार्डाकडे होत्या.

ही वांटणी कशी झाली तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील सीगेट कंपनीनें १९८० सालीं लहान संगणकांसाठीं ५ मेगाबाइटांची डिस्क काढली. आयबीएम कंपनीचा १९८१ चा पहिला पीसी डिस्कवांचूनच विकला जात असे. १९८३ च्या एक्स-टी या संगणकांत मात्र १० मेगाबाइटांची डिस्क आली. भारत सरकारनें नोव्हेंबर १९८४ मध्यें संगणकांविषयींचें धोरण सैल केल्यावर त्याच घडणीचीं यंत्रें इकडेहि दिसूं लागलीं. या डिस्कला स्वतःची अक्कल अशी फारशी नव्हती. तबकडी फिरवावी, वाचणारें टोंक एक पाऊल आंत किंवा बाहेर सरकवावें, आणि चुंबकीय स्पंदनें जशींच्या तशीं बाहेर पाठवावीं, एवढेंच तिला ठाऊक. त्या स्पंदनांतून अक्षरें व आंकडे वेगळे काढणें हें काम कंट्रोलरचें. दोघांना जोडणाऱ्या केबलीहि दोन: ३४ तारांची हुकूम नेणारी, आणि २० तारांची मजकूर आणणारी.

खरी मेख येथें आहे. तबकडीवरच्या खुणा ज्या कार्डानें आंखल्या त्यालाच त्या नीट उमगत. एका पद्धतीचें कार्ड प्रत्येक वर्तुळाचे १७ विभाग पाडी. तिला एमएफएम म्हणत. दुसऱ्या, आरएलएल पद्धतीचें कार्ड त्याच वर्तुळांत २६ विभाग बसवी, म्हणजे तेवढ्याच जागेंत दीडपट मजकूर. पहिल्या कार्डाची डिस्क दुसऱ्या कार्डास जोडली तर ती कोरी भासे. पुष्कळदां तर एकाच पद्धतीचीं, पण निरनिराळ्या कारखान्यांचीं कार्डेंहि एकमेकांचें लेखन ओळखीत नसत. अशा वेळीं उतावळा कारागीर काय करी? डिस्क पुन्हां आंखून काढी. एक्स-टीच्या कित्येक कार्डांवर हें काम 'जी=सी८००:५' एवढ्या एका हुकुमानें सुरू होई. डिस्क लगेच ठणठणीत चालूं लागे, कारागिराची वाहवा होई, आणि दुकानदाराच्या तीन वर्षांच्या खातेवह्या कायमच्या नाहींशा होत. बिघाड किल्लीचा होता, आणि दुरुस्तीच्या नांवाखालीं कोठार पेटविलें गेलें.

जाणता माणूस आधीं यंत्राचेंच म्हणणें ऐकून घेई. सुरू होतांना यंत्र स्वतःची तपासणी करी आणि पडद्यावर अंक दाखवी. एक्स-टीवर १७०१ म्हणजे डिस्कच्या बाजूस कांहीं तरी बिनसलें. १९८४ च्या ए-टीवर १७८० म्हणजे पहिली डिस्क उत्तर देत नाहीं, आणि १७८२ म्हणजे कंट्रोलरच दोषी. परंतु या अंकांवर सर्वस्वीं विसंबणें बरें नव्हे. केबल उलटी बसली किंवा ढिली झाली तरी आळ डिस्कवर अगर कार्डावर येई. म्हणून केबलीची लाल कड पहिल्या टोंकाकडे आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें, अशी जुन्या कारागिरांची रीत होती.

ए-टीमध्यें सबनीसहि आला. डिस्कचे अनेक प्रकार क्रमांकवार यंत्राच्या कायम स्मृतींत नोंदलेले असत, आणि आपल्या डिस्कचा क्रमांक कोणता, हें एका लहान बॅटरीच्या जोरावर लक्षांत ठेविलें जाई. दोन-चार वर्षांनीं बॅटरी संपली कीं घड्याळ मागें पडे, क्रमांक पुसला जाई, आणि एके सकाळीं संगणक सांगे कीं, डिस्कच नाहीं! डिस्क, कार्ड, केबल, सर्व निर्दोष. हिशेबाची वही तेवढी कोरी झालेली. बॅटरी बदलून योग्य क्रमांक भरला कीं सर्व मजकूर जागच्या जागीं सांपडे. अंदाजानें भलताच क्रमांक भरून वर लिहावयास जो बसला, त्यानें मात्र चांगला मजकूर आपल्या हातानें बिघडविला.

लोणावळ्याचा पावसाळा हा या सर्वांत आणखी एक भिडू. सुमारें ६२० मीटर उंचीवरच्या या गांवीं वर्षाकाठीं ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि आषाढ-श्रावणांत धुकें खिडकीवाटें घरांत येऊन बसतें. त्या काळच्या डिस्कांसाठीं हवेंतील आर्द्रता शेंकडा ८० च्या आंत असावी, अशी सामान्यतः अट असे; घाटमाथ्यावर ती अट महिनोंमहिने मोडते. अशा हवेंत कार्डाच्या कडेच्या धातूच्या पट्ट्या मळतात आणि संबंध तुटतो. आपल्याकडच्या कारागिरांचा उपाय साधा होता: कार्ड उपसून काढावें, शाळेंतल्या खोडरबरानें पट्ट्या हलक्या हातानें पुसाव्या, आणि तें पुन्हां घट्ट दाबून बसवावें. कित्येक डिस्का एवढ्यानेंच 'बऱ्या' झाल्या. थंडीची गोष्ट निराळी. स्वस्त डिस्कांत वाचणारें टोंक ठरलेल्या पावलांनीं सरके. तें बरोबर रेषेवर पोंचलें कीं नाहीं, हें पाहणारें कोणी नसे. उन्हाळ्यांत आंखलेली रेषा पौषांतल्या गार सकाळीं किंचित् हटलेली असे. अशा वेळीं यंत्र अर्धा तास चालूं ठेवून ऊब येऊं देणें, हाच शहाणपणा.

१९८६ च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा या कंपन्यांच्या प्रयत्नांतून आयडीई ही पद्धत निघाली. हवालदार गडावरच राहावयास आला. कंट्रोलर डिस्कच्याच पाठीवर बसला, आणि दोन केबलींच्या जागीं ४० तारांची एकच उरली. भांडणें संपलीं असें मात्र नाहीं. एका केबलीवर दोन डिस्का असल्या तर थोरली कोण व धाकटी कोण, हें लहानशा जंपरनें ठरवावें लागे. दोघी थोरल्या झाल्या कीं दोघीहि गप्प. आणि १९९५ च्या सुमारास तर सीएमडी ६४० नांवाच्या चिपेचा दोष उघडकीस आला. ही चिप मुख्य फळीवर बसून दोन केबलींची वाहतूक पाही. दोन्ही केबलींवर एकाच वेळीं काम चाललें असतां ती मजकुरांत गुपचूप भेसळ करी; पडद्यावर चुकीचा अंक नाहीं कीं इशारा नाहीं. डिस्क बदलली तरी दोष कायम! लिनक्स लिहिणारांनीं अखेर त्या चिपेला ओळखून तिच्याकडून एका वेळीं एकच काम घेण्याची तजवीज केली.

स्वतंत्र कार्डांचे ते दिवस केव्हांच संपले. त्या काळची एखादी डिस्क जुन्या कपाटांत सांपडली, तर ती वाचावयास तिचें स्वतःचें कार्ड आणि तें कार्ड घेणारें जुनें यंत्र, दोन्ही लागतात. ज्यांनीं यंत्र मोडींत देतांना कार्ड व डिस्क एकाच दोऱ्यानें बांधून ठेविलीं, आणि पेटीवर प्रकाराचा क्रमांक पेन्सिलीनें लिहिला, त्यांचें दार आजहि उघडूं शकतें. आंतील मजकूर पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर मराठींत लिहिलेला असला, तर तो बहुधा १९९१ सालीं प्रमाण ठरलेल्या इस्की संकेतांत निघतो, आणि आजच्या पडद्यावर अक्षरें दिसण्यापूर्वी त्याचें एकदां युनिकोडांत रूपांतर करून घ्यावें लागतें.