घाण्याच्या बैलामागून

मोबाइल घरीच राहू द्या. मनगटी घड्याळ चालेल, किल्लीचं असेल तर. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळा आणि खिशात एक कांदा टाका. आपण वर्ध्याला निघालोय, भर मे महिन्यात, आणि साल आहे 1946.

स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच झळ तोंडावर येते. डोळे बारीक होतात, ओठ सुकतात. टांगेवाल्याला ‘मगनवाडी’ एवढंच सांगा. जमनालाल बजाजांची ही बाग आता गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाची आहे, हे त्याच्या घोड्यालाही ठाऊक असावं. लगाम न ओढताच तो फाटकाशी थांबतो.

आत शिरलात की आधी नाक जागं होतं. भरडल्या तिळाचा उष्ण, गोडसर वास. मग कान: कुंईऽऽ, कुर्रर्र, कुंईऽऽ. लाकडी घाणा फिरतोय, झापडं बांधलेला बैल गोल चालतोय. तेली तुमच्याकडे नजर टाकतो, “बसा जी फळीवर, वजन पाह्यजेच.” तुम्ही बसता. आता तुम्हीही घाण्याचा भाग आहात. चार फेऱ्यांत झाडं, शेड, माणसं सगळी फिरू लागतात, घाम मानेवरून पाठीत उतरतो, आणि खाली पिवळी धार हळूहळू भांड्यात पडत राहते.

तेल निघालं की तेली तुमच्या तळहातावर ढेपेचा तुकडा ठेवतो. गरम, खरबरीत. दुसरा तुकडा बैलाच्या तोंडात. ही ढेप शेण होऊन शेतात जाईल, शेतातून पुन्हा तीळ येईल. हे तुम्ही घाण्याच्या चार हात अंतरात पाहिलंत. हा संघ चालवणाऱ्या जे. सी. कुमारप्पांचं सगळं अर्थशास्त्र या चार हातांत उभं आहे.

माणूस तंजावरचा. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाला, मुंबईत व्यवसाय केला, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकला आणि गांधीजींकडे आला. हिशेबतपासनीसाची नजर मात्र सुटली नाही. तीळ शहरातल्या गिरणीत गेला, ढेपही तिकडेच राहिली, तर मातीच्या खात्यात परत काय जमा झालं? निसर्गाचं चक्र तोडणं म्हणजेच हिंसा, असं ते मांडतात. मला त्यांच्या विचारातली ही जागा सर्वांत मोलाची वाटते: हिंसेचा शोध त्यांनी रणांगणाआधी जमाखर्चात घेतला.

कागदाच्या शेडमध्ये चला, तिथे जरा गारवा आहे. चिंध्या आणि रद्दीचा लगदा हौदात तरंगतोय. साचा दोन्ही हातांनी बुडवा, सपाट उचला. पाणी कोपरांवरून ओघळतं, भाजलेल्या कातडीला बरं वाटतं. पहिला कागद फाटेल. दुसराही फाटेल.

जेवणात हातसडीचा भात. तांबूस, चिवट, कोंड्याच्या वासाचा. घाईने गिळता येत नाही. गिरणीच्या शुभ्र भाताची सवय असलेल्या शेजाऱ्याचा चेहरा पडलाय. पोषण कोंड्यासोबत निघून जातं, हे त्याला कोणीतरी कळकळीने समजावतंय.

पुढे मधमाश्यांच्या पेट्या. वाका, पण श्वास जपून. माकड आंबे ओरबाडतं आणि निघून जातं. माशी मध घेता घेता फुलाला फळाकडे नेते, आणि जमवते तेही साऱ्या पोळ्यासाठी. कुमारप्पा माणसांचे व्यवहारही असेच मोजतात: कोण ओरबाडतो, कोण घेताना देतो. कानाशी गुणगुण वाढतेय. हात हलवू नका.

आता फावडं घ्या. हो, तुम्हीच. शौचालयाच्या चरावर माती लोटायचीय. पहिल्या दोन फावड्यांना पोटात कालवतं, तिसऱ्याला कमी. जुना चर उकरून दाखवतात, तेव्हा हातात येतं काळं, भुसभुशीत सोनखत. वास फक्त पहिल्या पावसातल्या मातीचा. आपल्या भाषेने याला ‘सोन’ म्हटलं आणि ते वाहून नेणाऱ्या माणसाला मात्र वेशीबाहेर ठेवलं. इथे फावडं जात विचारत नाही.

दिवेलागण होते. मगनदीप पेटतो. रॉकेलचा भपकारा नाही. आत बियांचं तेल जळतंय. कुमारप्पांनी जबलपूरच्या तुरुंगात ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ लिहिलं. त्यात ते साठा आणि प्रवाह वेगळे करतात: कोळसा आणि खनिज तेल उपसलं की संपलं; बी, ऊन, पाऊस वाहत राहणारं. संपणाऱ्या साठ्यावर जगणारे त्याच्यासाठी लढतातही. ज्योत थरथरते. वात थोडी वर करा.

बाहेर घाणा थांबलाय. तेली बैलाची झापडं सोडतो, मानेवरून हात फिरवतो, घमेलं पुढे सरकवतो. अंधारात ढेप चघळल्याचा आवाज येत राहतो. तुमच्या सदऱ्याला तिळाचा वास लागलाय.