स्वमग्न बालकांतील अन्न-अरुची

स्वमग्नता किंवा ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता असून सामाजिक देवाणघेवाणीतील अडचण, ठराविक वर्तनाची पुनरावृत्ती आणि संवेदनांना मिळणारा अतितीव्र वा मंद प्रतिसाद ही तिची प्रमुख लक्षणे होत. संवेदनांच्या या वेगळेपणामुळे अनेक स्वमग्न बालके विशिष्ट पोताचे, वासाचे, रंगाचे वा तापमानाचे अन्न सातत्याने नाकारतात. या नकारास संवेदनाजन्य अन्न-अरुची म्हणतात. लाडामुळे वा हट्टामुळे येणाऱ्या नावडीहून ती भिन्न आहे. तथापि हा भेद वैद्यकात स्थिर होण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली.

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ञ लिओ कॅनर (१८९४–१९८१) याने १९४३ मध्ये अकरा बालकांचे वर्णन करून स्वमग्नतेची वैद्यकास ओळख करून दिली. त्यांपैकी सहा बालकांना जन्मापासूनच अन्न घेण्यात गंभीर अडचण होती. बाहेरून येणारे अन्न बालकास आपल्या जगावरील पहिले आक्रमण वाटत असावे, असा अर्थ कॅनरने लावला. १९४४ मध्ये व्हिएन्नातील हान्स अ‍ॅस्पर्गर (१९०६–८०) याने आपल्या निबंधात अशा मुलांच्या तीव्र आवडीनिवडींची नोंद केली. आंबट व मसालेदार पदार्थ त्यांना आवडत. भाज्या व दुधाचे पदार्थ मात्र अनेकांना मुळीच सोसत नसत. मखमल, रेशीम, कापूस व खडू यांच्या स्पर्शाचा तिटकाराही त्याने याच संदर्भात नोंदविला. म्हणजे अन्नाची नावड आणि स्पर्शाची नावड यांचा संबंध आरंभीच दृष्टीस पडला होता.

पुढील दोन दशकांत हे निरीक्षण मागे पडले. मातेचा भावनिक थंडपणा हेच स्वमग्नतेचे कारण होय, हे मत प्रबळ झाले व ब्रूनो बेटलहाइम (१९०३–९०) याच्या १९६७ मधील ग्रंथाने ते दूरवर पसरविले. परिणामी घास नाकारणाऱ्या बालकाचा दोष घास भरविणाऱ्या हातावर आला. स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता असलेला मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड (१९२८–२००६) याने १९६४ मध्येच स्वमग्नतेचे मूळ मज्जासंस्थेत असल्याचे प्रतिपादन करून या मतास आव्हान दिले होते. व्यवसायोपचारतज्ञ जीन एअर्स (१९२०–८८) यांच्या १९७२ मधील ग्रंथाने संवेदनांच्या एकात्मीकरणाची संकल्पना रूढ केली. अखेर अमेरिकन मनोविकारतज्ञ संघटनेच्या २०१३ मधील निदानसूचीत संवेदनांचा असाधारण प्रतिसाद हा स्वमग्नतेच्या निकषांत समाविष्ट झाला. अन्न टाळण्याच्या विकारास, वजन घटविण्याच्या इच्छेशी संबंध नसलेला स्वतंत्र विकार म्हणून त्याच सूचीत स्थान मिळाले.

महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाचे स्वरूप पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात स्पष्ट होते. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. पुढे मोटारी व यंत्रे यांचे उद्योग आले. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९० नंतर उद्योगांचा विस्तार खेड तालुक्यातील चाकणकडे झाला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश तसेच उत्तर भारत येथून आलेल्या कामगारांची कुटुंबे लहान खोल्यांतून राहू लागली. पाळ्यांमध्ये वाटलेल्या दिवसात आईवडील एकत्र घरी असण्याची वेळ थोडी, आणि काऊ-चिऊचा घास भरविणारी आजी बहुधा गावी राहिलेली, अशी अनेक घरांची स्थिती झाली.

मराठी घरातील बालान्न बहुधा कालवलेले असते. आमटी-भात, खिचडी किंवा पोहे यांत मऊ दाण्यांबरोबर मोहरी, कढीपत्ता व कोथिंबीर यांचे निरनिराळे पोत एकाच घासात येतात. स्पर्शाने भांबावणाऱ्या बालकास असा घास अनपेक्षित व असह्य वाटतो. याउलट कारखान्यात तयार झालेले बिस्कीट दरवेळी त्याच आकाराचे, त्याच रंगाचे व त्याच कुरकुरीत पोताचे असते. घरची भाकरी मात्र रोज थोडी वेगळी होते. बालक बिस्किटास चिकटून राहते ते या एकसारखेपणामुळे.

या अरुचीचा मुख्य धोका असा, की ती वजनकाट्यावर सहसा दिसत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार स्वमग्न बालकांत आहारविषयक समस्या इतर बालकांच्या सुमारे पाचपट आढळतात. कॅल्शियम व प्रथिने यांचे सेवन कमी असते, परंतु वाढीत लक्षणीय फरक आढळत नाही. अत्यंत मर्यादित आहारामुळे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा स्कर्व्ही हा रोग झाल्याची उदाहरणेही वैद्यकीय वाङ्मयात आहेत. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्यांमध्ये कुपोषण प्रामुख्याने वजन व उंची यांवरून ओळखले जाते. त्यामुळे बिस्किटे व दूधभात यांवर पोसलेले, अंगाने भरलेले बालक या पाहणीतून निसटू शकते.

शासकीय पातळीवर स्वमग्नतेस प्रथम १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने व पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्यता दिली. १९९५ च्या अपंगविषयक अधिनियमात तिचा उल्लेख नव्हता. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत स्वमग्नतेचा समावेश असून अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा तपासण्याची त्यात तरतूद आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने मोरवाडी येथे दिव्यांग भवन उभारले आहे.

उपचारात बद्धकोष्ठता, आम्लपित्त, दातांचे विकार व लोहाची उणीव यांची तपासणी प्रथम केली जाते. त्यानंतर नवा पदार्थ स्वतंत्र वाटीत ठेवणे, प्रथम केवळ पाहू, हुंगू व हाताळू देणे आणि ओळखीच्या पदार्थाशी साम्य असलेला पदार्थ क्रमाक्रमाने देणे, ही पद्धती अवलंबिली जाते. कुरमुरे खाणाऱ्या बालकास भाजलेले पोहे व मग पापड, हे तिचे साधे उदाहरण होय. गहू व दूध वर्ज्य करणाऱ्या आहाराचा लाभ निश्चितपणे सिद्ध झालेला नाही. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या बालकाचा आहार त्यामुळे अधिकच आकुंचित होतो. नाक दाबून वा हात धरून भरविल्याने ठसका लागण्याचा धोका असतो व अरुची अधिक दृढ होते.